घरात टीव्ही एक, पाहणारे सहा, आणि त्यांतला एक सात वर्षांचा

मृण्मयी_नाशिक:

नमस्कार. आमच्या घरात सहा माणसे आहेत आणि टीव्ही एकच आहे. तो बाहेरच्या खोलीत आहे. रात्रीची जेवणे त्याच खोलीत होतात आणि मुलांचा अभ्यासही बहुतेक तिथेच होतो, कारण आतल्या खोल्यांत टेबल मांडण्याइतकी जागा नाही. संध्याकाळी सासरे बातम्या लावतात. त्या संपल्या की सासूबाईंच्या मालिका सुरू होतात, आणि साडेनऊनंतर रिमोट यजमानांच्या हाती येतो. ते हिंदीत डब केलेले दाक्षिणात्य मारधाडीचे चित्रपट किंवा गुन्ह्यांच्या सत्यकथांचे कार्यक्रम पाहतात. मुलगा सात वर्षांचा आहे आणि मुलगी अकरा वर्षांची. मुलांच्या वाहिन्या त्यांच्या वाट्याला येतात त्या शाळेतून आल्यानंतरच्या तासाभरापुरत्या. म्हणजे हिशेब मांडला तर मुले दिवसभरात जे काही पाहतात, त्यातले बरेचसे त्यांच्यासाठी तयार केलेलेच नसते.

अलीकडे मुलाच्या वागण्यात दोन बदल दिसू लागले आहेत. खेळता खेळता तो बहिणीला नायकाच्या थाटात लाथ मारतो आणि ती रडू लागली की त्यालाच नवल वाटते. चित्रपटात लाथ खाल्लेला माणूस भिंतीवर जाऊन आदळतो आणि पुढच्या क्षणी उठून पुन्हा अंगावर येतो, तशीच तीही उठेल असे त्याला वाटत असावे. दुसरा बदल असा की, झोपण्यापूर्वी दाराची कडी लावली आहे का, हे तो स्वतः जाऊन पाहतो. मध्यंतरी त्याने मला विचारले की, आपल्याकडे दूध घालणारे काका चोर असू शकतात का. मला पहिल्यापेक्षा या दुसऱ्या बदलाची काळजी अधिक वाटते.

घरात विषय काढला तेव्हा ‘आम्हीही हेच पाहून मोठे झालो, आमचे काय बिघडले?’ असे उत्तर मिळाले. त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. टीव्हीवरील हिंसेचा मुलांवर खरोखर परिणाम होतो असे अभ्यासांतून दिसले आहे का, की ही आईपणाची नेहमीची धास्ती आहे? आणि परिणाम होत असेल तर जबाबदारी नेमकी कोणाची मानायची, वाहिन्यांची, सरकारची, की आमची? मुलांना आतल्या खोलीत पाठवणे हा एकच मार्ग सुचवला जातो, परंतु त्या खोलीतही आवाज येतोच.

---

अरुणा_बालविकास:

मृण्मयीताई, मी बरीच वर्षे महाविद्यालयात बालविकास हा विषय शिकवला आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

आपण सांगितलेल्या दोन्ही गोष्टींचा अभ्यास साठ वर्षांहून अधिक काळ होत आला आहे. पहिल्या गोष्टीची सुरुवात सहसा अल्बर्ट बांडुरा यांच्या प्रयोगापासून सांगितली जाते. १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शिशुशाळेतील ७२ मुलांवर त्यांनी हा प्रयोग केला. एक मोठी व्यक्ती हवा भरलेल्या बाहुल्याला ठोसे मारते, हातोडीने बडवते, हे काही मुलांनी पाहिले. पुढे तसाच बाहुला समोर येताच त्यांतल्या अनेकांनी तेच हावभाव आणि तेच शब्द उचलले. १९६३ मध्ये हेच दृश्य पडद्यावरून दाखवले तेव्हाही अनुकरण कमी झाले नाही. परंतु पालकांच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १९६५ चा प्रयोग. त्यात मारणाऱ्या व्यक्तीला शिक्षा झालेली ज्या मुलांनी पाहिली, त्यांनी अनुकरण कमी केले. नंतर मात्र सर्व मुलांना सांगण्यात आले की, त्या माणसाने काय काय केले ते करून दाखवा, म्हणजे चित्रे आणि फळांचा रस मिळेल. तेव्हा शिक्षा पाहिलेल्या मुलांनीही बाकीच्या मुलांइतकेच करून दाखवले. म्हणजे ती मुले शिकलेली होतीच. फक्त ते बाहेर काढण्याचे कारण त्यांना तोवर मिळाले नव्हते. ‘आमचा मुलगा पाहतो, पण तसे काही करत नाही’ असे पालक समाधानाने सांगतात तेव्हा मला हा प्रयोग आठवतो.

बाहुल्याला मारणे म्हणजे माणसाला मारणे नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे, आणि म्हणूनच पुढे दीर्घकालीन अभ्यास झाले. रोवेल ह्यूसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये शिकागो परिसरातील सहा ते दहा वर्षांच्या मुलांची माहिती गोळा केली, आणि सुमारे पंधरा वर्षांनी ती मुले तरुण झाल्यावर त्यांना पुन्हा गाठले. हे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. लहानपणी हिंसक कार्यक्रम अधिक पाहणाऱ्यांमध्ये पुढे आक्रमक वर्तन अधिक आढळले, मुलांमध्ये आणि मुलींमध्येही. घरची आर्थिक स्थिती, मुलाची बुद्धिमत्ता आणि पालकांची वागण्याची रीत हिशेबात धरल्यावरही हा संबंध पूर्णपणे पुसला गेला नाही. त्यातही ज्या मुलांना पडद्यावरचे खरे वाटत होते आणि जी स्वतःला त्या पात्राच्या जागी पाहत होती, त्यांच्यात तो अधिक ठळक होता. आता आपल्या चित्रपटांतला नायक कसा असतो ते पाहा. तो देखणा असतो, त्याची बाजू न्यायाची असते, वीस जणांना तो एकटा लोळवतो आणि शेवटी सगळे गाव त्याला खांद्यावर घेते. सात वर्षांच्या मुलाला स्वतःला त्याच्या जागी पाहायला याहून सोयीचे पात्र कोणते मिळणार? अमेरिकेत १९९४ ते १९९७ या काळात दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांचा मोठा राष्ट्रीय अभ्यास झाला. त्यात सुमारे ६० टक्के कार्यक्रमांत हिंसा आढळली. आणि त्याहून बोलका निष्कर्ष असा की, सुमारे तीन-चतुर्थांश हिंसक दृश्यांत हिंसा करणाऱ्याला त्या दृश्यात कोणतीही शिक्षा होत नव्हती. वेदना, दवाखाना, महिनोन्महिने प्लास्टरमध्ये असलेला पाय, यांतले काहीच दिसत नसेल तर बहीण का रडते, हे मुलाला कळणार कसे?

आता कडीविषयी. आपली काळजी अगदी योग्य ठिकाणी आहे, कारण टीव्ही पाहून अनेक मुले मारकुटी न होता भित्री होतात, आणि भित्रे मूल कोणाला त्रास देत नाही म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. जॉर्ज गर्बनर यांनी पेनसिल्वेनिया विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेल्या कामातून असे मांडले की, पुष्कळ टीव्ही पाहणाऱ्यांना जग आहे त्यापेक्षा अधिक धोक्याचे वाटते आणि आपल्यावर हल्ला होण्याची शक्यता ते वाढवून सांगतात. मुलांच्या भीतीवर जोन कँटर यांनी जे काम केले त्यातून वयाचा फरक स्पष्ट होतो. चार-पाच वर्षांचे मूल भयंकर दिसणाऱ्या चेहऱ्याला घाबरते, मग तो चेहरा काल्पनिक असला तरी. सात-आठ वर्षांपासून पुढे मूल ‘हे आपल्याकडेही घडू शकेल’ अशा गोष्टींना घाबरू लागते, आणि त्यामुळे राक्षसापेक्षा बातमी अधिक भीतिदायक ठरते. आपला मुलगा नेमका या उंबरठ्यावर आहे. दूधवाल्या काकांचा प्रश्न बहुधा चित्रपटातून आलेला नसून बातम्यांतून किंवा सत्यकथांच्या कार्यक्रमांतून आलेला असावा, कारण ‘ओळखीच्या माणसानेच घात केला’ हे तिथले ठरलेले कथानक आहे.

वृत्तवाहिनीची आणखी एक खोड लक्षात घ्यावी. सीसीटीव्हीचे एकच दृश्य लाल वर्तुळ काढून तासाभरात पुन्हा पुन्हा फिरवले जाते. मोठ्या माणसाला ती एकच घटना आहे हे कळते. लहान मुलाला मात्र प्रत्येक वेळी नवा माणूस मारला जातो आहे असे वाटू शकते.

---

तर्ककठोर:

अरुणाताईंच्या अभ्यासाविषयी आदर आहे, पण चित्र इतके सरळ नाही हेही इथे नोंदवले पाहिजे. टोरांटो विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जोनाथन फ्रीडमन यांनी अशा प्रकारच्या अभ्यासांची छाननी करून, त्यांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, असे मत मांडले आहे. परिणाम असला तरी तो लहान आहे, हे मान्य करणारे तर पुष्कळ आहेत. जे मूल मुळातच आक्रमक आहे त्याला हिंसक कार्यक्रम आवडतात, हीही शक्यता राहतेच.

सेंट हेलेना या अटलांटिक महासागरातील बेटाचे उदाहरण घ्या. तिथे १९९५ पर्यंत टीव्हीच नव्हता. तो येण्यापूर्वी आणि आल्यानंतर टोनी चार्लटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मुलांच्या वर्तनाची पाहणी केली. शाळेच्या मैदानावरचे मुलांचे खेळ कॅमेऱ्याने टिपले होते. टीव्ही आल्यानंतरही मारामाऱ्या वाढल्याचे आढळले नाही.

आणि आपल्याकडचे बोलायचे तर दुःशासनाचे रक्त पिणारा भीम, कोथळा बाहेर काढणारा अफझलखानाचा वध, हे सगळे आपण आजीच्या मांडीवर ऐकले आहे. दिवाळीत किल्ला करून त्यावर मावळे लढवले आहेत. त्यामुळे कोणी खुनशी झाले नाही. ज्या घरात बाप आईवर हात उगारतो किंवा मुलाला पट्ट्याने मारतो, त्या घरात टीव्ही बंद ठेवून काय साधणार? मला वाटते, टीव्हीवर खापर फोडणे सर्वांना सोयीचे असते, कारण टीव्हीला राग येत नाही.

---

अरुणा_बालविकास:

तर्ककठोर यांचा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. घरातला मार हा पडद्यावरच्या मारापेक्षा किती तरी पटींनी घातक असतो, याबद्दल दुमत नाही. परिणाम मध्यम किंवा लहान आहे आणि तो अनेक कारणांपैकी एक आहे, हेही खरे.

परंतु सेंट हेलेनाच्या जोडीला कॅनडातील एका गावाचे उदाहरणही ठेवावे लागेल. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील या गावात डोंगराळ भागामुळे १९७३ पर्यंत टीव्हीचे प्रक्षेपण पोहोचत नव्हते. टॅनिस विल्यम्स यांच्या गटाने टीव्ही येण्याआधी आणि आल्यानंतर दोन वर्षांनी मुलांची पाहणी केली, तेव्हा मुलांमधील शारीरिक आणि शाब्दिक आक्रमकता वाढलेली आढळली. एका ठिकाणी वाढली, दुसऱ्या ठिकाणी वाढली नाही. मला या दोन निकालांत विरोध दिसत नाही. सेंट हेलेनाच्या अभ्यासकांनी स्वतःच त्या बेटावरील घट्ट सामाजिक वीण आणि मुलांवर असणारी मोठ्यांची नजर यांकडे बोट दाखवले आहे. मुलाने पाहिलेल्या गोष्टीचे पुढे काय होते, हे त्याच्या आजूबाजूची माणसे ठरवतात, असा त्याचा अर्थ मी घेते.

आजीच्या गोष्टीचेही तेच आहे. आजी भीमाची गोष्ट सांगते तेव्हा ती मुलाचा चेहरा पाहत असते. मूल घाबरले तर ती रक्ताचा भाग आवरता घेते, मध्येच थांबून द्रौपदीचा अपमान का झाला ते सांगते, आणि गोष्ट संपल्यावर मुलाला कुशीत घेऊन झोपते. टीव्ही मुलाकडे पाहत नाही.

याच संदर्भात एक निष्कर्ष पालकांना ठाऊक असायला हवा. एमी नाथनसन यांनी पालक मुलांच्या टीव्ही पाहण्यात कसे लक्ष घालतात याचा अभ्यास केला आहे. कार्यक्रमाबद्दल मुलाशी बोलणारे आणि काही कार्यक्रमांना मनाई करणारे पालक, या दोन्ही गटांतील मुलांमध्ये आक्रमकतेकडे कल कमी दिसला. नुसते शेजारी बसून, काहीही न बोलता एकत्र पाहणे मात्र उपयोगाचे ठरले नाही, उलट त्याने नुकसानच होण्याची शक्यता दिसली. कारण उघड आहे. बाबा शेजारी बसून चवीने पाहत आहेत, म्हणजे हे त्यांना मान्य आहे, असे मूल धरून चालते. ‘मी सोबत असतो की’ हे उत्तर म्हणूनच पुरेसे नाही. सोबत असताना तोंड उघडावे लागते.

---

केबल_ते_डिश:

मी पश्चिम महाराष्ट्रात केबलचा व्यवसाय करत होतो, त्यामुळे नियमांबद्दल आणि ते कुठे गळतात याबद्दल लिहू शकतो.

केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा १९९५ चा आहे आणि त्याखालचे नियम १९९४ चे. (आधी अध्यादेश आला होता, म्हणून नियमांचे वर्ष कायद्याच्या आधीचे दिसते.) त्यांतील सहाव्या नियमात कार्यक्रमसंहिता आहे. हिंसेला चिथावणी देऊ शकेल असे काही दाखवू नये, आणि जेव्हा सर्वाधिक मुले टीव्ही पाहत असतात अशा वेळी मुलांना अयोग्य कार्यक्रम दाखवू नयेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. कोणती वेळ, हे मात्र तिथे घड्याळ लावून सांगितलेले नाही. ते काम वाहिन्यांच्या स्वनियमनाकडे आले. प्रसारकांच्या संघटनेने २०११ मध्ये तक्रार परिषद नेमली, न्यायमूर्ती ए. पी. शाह तिचे पहिले अध्यक्ष होते, आणि त्या वेळच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढ स्वरूपाचे कार्यक्रम रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत टाकायचे ठरले. त्याआधी २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्राध्यापिकेच्या जनहित याचिकेवर प्रौढांसाठीचे चित्रपट टीव्हीवर दाखवण्यास मनाई केली होती. पुढच्या वर्षी पोलिसांनी छापे घातले तेव्हा मुंबईत चित्रपट वाहिन्या काही काळ बंदच होत्या. ग्राहकांच्या शिव्या आम्ही केबलवाल्यांनी खाल्ल्या. त्यामुळे ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट आज टीव्हीवर सरळ येत नाही, तो कापून आणि नव्याने प्रमाणपत्र घेऊन येतो.

मग आपल्याला इतकी मारधाड दिसते कशी? कारण कापला जातो तो रक्ताचा आणि शरीरसंबंधाचा भाग. माणूस उडून गाडीच्या काचेवर पडतो, हे ‘यूए’ प्रमाणपत्रात सहज बसते. या प्रमाणपत्राचा अर्थच पालकांच्या मार्गदर्शनाखाली, असा आहे. २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन भाग केले आहेत, आणि ते बंधन नसून पालकांसाठी सूचना आहे. सरकारने सूचना लिहिली, वाहिनीने ती कोपऱ्यात दाखवली, आणि वाचायची जबाबदारी घरावर आली. जबाबदारी कोणाची, या आपल्या प्रश्नाचे कायद्यातले उत्तर असे आहे.

बातम्यांना तर चित्रपटांसारखे प्रमाणपत्रही नसते. अपघात, मृतदेह आणि मारहाणीची दृश्ये दाखवण्यावरून माहिती व प्रसारण मंत्रालयाने जानेवारी २०२३ मध्ये सर्व वाहिन्यांना सूचनापत्र काढले होते. त्यात उदाहरणांची यादीच होती, आणि टीव्ही घरातली लहान मुलेही पाहतात याची आठवण करून दिली होती. ‘ही दृश्ये तुम्हाला विचलित करू शकतात’ अशी पट्टी टाकून तेच दृश्य चालवण्याची पद्धत काही त्यामुळे थांबली नाही.

तक्रार मात्र करता येते आणि करावी. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तीन पायऱ्या आहेत. आधी त्या वाहिनीकडे लेखी तक्रार करायची, कार्यक्रमाचे नाव, तारीख आणि वेळ यांसह. तिने चोवीस तासांत पोच द्यायची आणि पंधरा दिवसांत निर्णय कळवायचा. समाधान झाले नाही तर स्वनियमन संस्थेकडे अपील, आणि शेवटी केंद्र सरकार. माझ्या अनुभवात लोक केबलवाल्याला फोन करून ओरडतात, वाहिनीला दोन ओळी लिहीत नाहीत.

घरातला उपाय म्हणजे सेट-टॉप बॉक्समधील पालक-लॉक. मेन्यूत जाऊन एखादी वाहिनी पिन घालून बंद करता येते. बॉक्ससोबत आलेला मूळ पिन आधी बदलावा, नाही तर तो मुलांना आपल्याआधी माहीत असतो. परंतु आपल्या घरातला प्रश्न लॉकने सुटणारा नाही, कारण ज्या वाहिन्या बंद कराव्या लागतील त्या मोठ्यांच्याच आहेत.

---

आबा_सातारा:

सौ. मृण्मयी यांस, मी आपल्या सासऱ्यांच्या वयाचा आहे आणि माझ्याही घरात नातवंडे आहेत, म्हणून त्या बाजूने चार शब्द लिहितो.

नोकरी संपल्यावर माणसाचा दिवस फार लांब होतो. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी झोप, आणि संध्याकाळी बातम्या हीच बाहेरच्या जगाशी उरलेली गाठ असते. त्या वेळी कोणी ‘टीव्ही बंद करा’ म्हटले की, ते वाक्य टीव्हीविषयी आहे असे वाटत नाही. आपले घरातले स्थानच कोणी कमी करत आहे, असे वाटते. ‘आम्हीही हेच पाहून मोठे झालो’ हे उत्तर बहुधा त्या दुखावण्यातून आलेले असावे, कारण खरे पाहता आम्ही हे पाहून मोठे झालेलोच नाही. आमच्या लहानपणी घरात रेडिओ होता. माझ्या मुलांच्या लहानपणी दूरदर्शनचा एकच पडदा होता आणि बातम्या ठरावीक वेळी येऊन संपत असत. चोवीस तास चालणारी बातमी ही अगदी अलीकडची गोष्ट आहे. हे वाक्य आपण नाही, आपल्या यजमानांनी त्यांच्या वडिलांना शांतपणे सांगावे. सुनेने सांगितले तर तक्रार होते, मुलाने सांगितले तर बोलणे होते. हे योग्य आहे असे मी म्हणत नाही, पण आमच्या पिढीत अजून तसेच आहे.

आणि यजमानांनी ते सांगण्याआधी स्वतःचा साडेनऊनंतरचा रिमोट खाली ठेवावा. नाही तर वडील पहिल्याच वाक्याला विचारतील, ‘आणि तू काय पाहतोस?’

आजोबांना नातवाची भीती सांगावी, टीव्हीचा दोष सांगू नये. ‘बाबा, तो रात्री कडी तपासतो, दूधवाल्यालाही घाबरतो’ एवढे ऐकल्यावर कोणता आजोबा बातम्यांवर अडून बसेल, मला सांगा. आमच्या घरी मी स्वतःच ठरवले की, मुलांच्या झोपण्याच्या वेळेपर्यंत वृत्तवाहिनी लावायची नाही. निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी मी कानाला इअरफोन लावून मोबाइलवर पाहिले. त्यात फार काही बिघडले नाही.

सासूबाईंच्या मालिकांबद्दल कोणी बोलले नाही याचे मला आश्चर्य वाटले. तिथे पिस्तुले नसतात म्हणून त्या निरुपद्रवी समजल्या जातात. पण कोणी कोणाच्या दुधात काही मिसळते, जिन्यावर तेल सांडते, भर मंडपात सुनेच्या थोबाडीत मारते, आणि ती थप्पड ढोलांच्या आवाजात तीन वेळा तीन बाजूंनी दाखवतात. आपल्या अकरा वर्षांच्या मुलीने यातून काय उचलले, हेही पाहावे. मुलगा लाथ मारतो ते दिसते. मुलीने वर्गात एखादीशी अबोला धरून बाकीच्यांना फितवले तर ते दिसणार नाही.

---

तर्ककठोर:

आबांचा मालिकांबद्दलचा मुद्दा मला पटला, आणि माझ्या आधीच्या लिखाणाशी त्याचा विरोध नाही. चांगले-वाईट ओळखता येण्यासारखी चढाओढ गोष्टीत असणे वेगळे, आणि नात्यातल्या माणसाला रोज अपमानित करणे हेच करमणूक म्हणून चालवणे वेगळे. शक्तिमान १९९७ मध्ये सुरू झाल्यानंतर, तो वाचवायला येईल म्हणून मुलांनी उड्या मारल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्यांपैकी किती खऱ्या, यावर वाद झाला, पण पुढे त्या नायकाला पडद्यावरूनच ‘असे करू नका’ असे मुलांना सांगावे लागले. खलनायिकेला असे काही सांगायला कोणी लावत नाही.

तरीही एक विनंती आहे. सगळे बंद करून घराचे तपासनाके करू नका. बाहेरच्या जगात जे आहे ते मुलाला कधीतरी कळणारच.

---

मृण्मयी_नाशिक:

सर्वांचे मनापासून आभार. आबांनी सांगितल्याप्रमाणे यजमानांनी वडिलांशी बोलणे केले. मी स्वयंपाकघरात होते, त्यामुळे नेमके काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, परंतु दुसऱ्या दिवसापासून सासऱ्यांनी वृत्तवाहिनीऐवजी सह्याद्री वाहिनीच्या संध्याकाळच्या बातम्या लावायला सुरुवात केली आहे. त्या संपतात, हा त्यांचा मोठा गुण आहे. त्यानंतर ते मुलाला घेऊन खाली फेरी मारायला जातात. यजमानांचे चित्रपट आता मुले झोपल्यावर, कमी आवाजात सुरू होतात. शनिवारी मात्र अजून ओढाताण होते.

मालिकांच्या बाबतीत काहीच बदललेले नाही आणि लगेच बदलेल असे दिसत नाही. सासूबाईंना गुडघ्यांमुळे बाहेर पडता येत नाही, आणि त्या दोन तासांवर त्यांचा हक्क आहे असे मलाही वाटते. मी एवढेच करू लागले आहे की, भाजी निवडायला तिथेच बसते आणि मोठ्याने बोलते: ‘हिने सरळ जाऊन विचारले असते तर पुढचे शंभर भाग वाचले असते.’ सासूबाई आधी रागावल्या. आता त्याही टीका करतात, आणि मुलगी त्यात भर घालते.

एक गोष्ट अनपेक्षितपणे झाली. चित्रपटातला माणूस दोरीला बांधून ओढलेला असतो आणि ती दोरी संगणकावर पुसून टाकतात, हे मुलीने कुठेतरी पाहिले होते. तिने तो व्हिडिओ भावाला दाखवला. त्यानंतर तो लाथा मारण्याऐवजी ‘इथे दोरी कुठे असेल’ हे शोधत बसतो. अरुणाताई, तिच्यावर असे काम सोपवणे योग्य आहे का? आणि तिच्या हातात आता मोबाइलही अधूनमधून येतो, त्याचे काय करावे?

---

अरुणा_बालविकास:

तिने आपणहून केले आहे तोवर अवश्य करू द्यावे. ह्यूसमन यांच्या अभ्यासात पडद्यावरचे खरे वाटणे हाच धोक्याचा भाग होता, आणि तिने नेमके तेच काढून टाकले आहे. मात्र भाऊ काय पाहतो यावर लक्ष ठेवून आईला कळवण्याचे काम तिला देऊ नये. त्यात दोघांचेही बिघडते.

शनिवारच्या ओढाताणीबद्दल यजमानांना एवढेच सुचवावे की, मुलासोबत चित्रपट पाहायचाच असेल तर तो दिवसा पाहावा, सात वर्षांच्या मुलाला चालेल असा निवडावा, आणि मारामारीच्या दृश्यात रिमोटवर थांबा दाबून ‘याला आता किती लागले असेल?’ असे विचारावे. कडी तपासण्याची सवय एकदम मोडू नका, काही दिवस दोघांनी मिळून तपासा. भीती वाढत गेली, झोप मोडू लागली किंवा तो शाळेत जायला नाकारू लागला, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मोबाइलविषयी: ओटीटी मंचांना २०२१ च्या नियमांनुसार वयोगट दाखवावा लागतो, आणि तेरा वर्षांवरील गटापासून पुढच्या कार्यक्रमांना पालक-लॉकची सोय द्यावी लागते. मुलीसाठी वेगळे प्रोफाइल करून त्याला लॉक लावा आणि ते तिच्यासमोरच लावा. यूट्यूबवर येणाऱ्या मालिकांच्या आणि बातम्यांच्या तुकड्यांना हे लॉक लागू होत नाही, त्यामुळे तिथले मर्यादित खाते वेगळे सुरू करावे लागेल. आणि मोबाइल बाहेरच्या खोलीतच वापरायचा, हा नियम तिच्याइतकाच तिच्या बाबांनाही लावून पाहा.